घ्यायला मालकानंच यायचं

आमच्या गल्लीतल्या शिवकन्याबाईंनी धरणाकाठी सुट्टीचं घर घेतलं, हे ऐकून लोक हसले. हिंगोलीत एकट्या राहणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाईला सुट्टीचं घर कशाला हवं? तिला मुळात सुट्टी कसली? नवरा गेलेला, मुलगा बालाजी पुण्यात. तिचे सगळे वार सारखेच. पण हसणाऱ्यांना काय माहीत? त्या खरेदीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर होते. इतक्या थंड डोक्यानं कुणी काही विकत घेतलेलं मी पाहिलं नाही, आणि इतक्या रागानंही नाही.

मी रेवती. भिंतीला भिंत लागून शेजारीण. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, आता घरी असते. माझा स्वभाव काही फार बरा नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी माझं वाईट केलं तर मी विसरत नाही आणि विसरल्याचं नाटकही करत नाही. म्हणून तर शिवकन्याबाईंचं आणि माझं जमलं.

त्यांचं माहेर चिंचखेडा. कळमनुरीच्या पुढे, इसापूर धरणाचं पाणी जिथवर पसरतं त्या अंगाला. वडील लवकर गेले. आई भागीरथीबाई, मोठी लेक शिवकन्या आणि पाठचा उत्तम. उत्तमला हिनंच कडेवर वागवला, हिनंच शाळेत नेऊन बसवला. पुढे लोक त्याला उत्तमराव म्हणायला लागले. मी उत्तमच म्हणते. मला त्याला राव लावावासा वाटत नाही.

जमीन वाटायची वेळ आली तेव्हा या बाईनं कळमनुरीला जाऊन हक्कसोडीवर सही करून दिली. आपल्याकडे बहिणी देतातच. जमीन भावाची आणि माहेर आपलं, असा तो न बोललेला करार असतो. सणाला भावानं न्यायला यायचं, चार दिवस ठेवून घ्यायचं, निघताना भावजयीनं ओटी भरायची. न्यायला येणाऱ्याला मुराळी म्हणतात. पंचमीला मुराळी आला की बाईची मान गल्लीत ताठ होते. शिवकन्याबाईंकडे तो दरवर्षी यायचा. आधी सायकलवर, मग मोटारसायकलवर, मग गाडीतून.

भागीरथीबाई गेल्या आणि सगळं बदललं. उत्तमचं आखाडा बाळापूरला बी-बियाणांचं आणि खतांचं दुकान होतं, ते जोरात चाललं. हातात पैसा आला तसा त्यानं पाण्याकाठचं शेत सपाट केलं, आई राहायची ते शेतातलं घर पाडलं आणि तिथं हॉलिडे पार्क काढलं. सुरुवातीला भाड्याच्या खोल्या, एक पोहण्याचा तलाव, हुरडा पार्टी, असं. वर लोखंडी कमान उभारून नाव दिलं, 'भागीरथी हॉलिडे पार्क'.

त्या वर्षी पंचमीला मुराळी आला नाही. फोनवर म्हणाला, गर्दी आहे, व्याप आहे. शिवकन्याबाईंना वाटलं, खरंच व्याप असेल, आपणच जाऊ. भावाला दिंडं आवडतात, म्हणून पुरणाची दिंडं उकडून डब्यात भरली, भावजयीला खण घेतला आणि एसटीनं गेल्या. कमानीपाशी संतराम नावाच्या वॉचमननं अडवलं.

"बुकिंग हाय का, आजी?"

"मी मालकाची बहीण हाय."

त्यानं फोन लावला. तो बिचारा फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा, त्याला कमी ऐकू यायचं. पलीकडून उत्तमचा आवाज आला आणि तो शिवकन्याबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकला.

"आज फुल्ल हाय म्हणावं अक्काला. घरी बी पाव्हणे हायेत. पुढच्या महिन्यात ये म्हणावं."

बोलताना तो ऑफिसच्या ओसरीवर उभा होता. कमानीतून दिसत होता. त्यानं मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

त्या संध्याकाळी शिवकन्याबाई डबा तसाच घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बाई, जमिनीचं मला काई न्हाई. पण माझ्या मायचं नाव कमानीवर, अन् मी कमानीच्या भाईर. हे त्याला महागात पडलं पाह्यजे."

"काय करणार?" मी विचारलं.

"तो माझ्या दारात आला पाह्यजे. मुराळी म्हणून. साऱ्या गल्लीनं पाह्यलं पाह्यजे. मंग मी बघते त्याच्याकडं."

बस, एवढंच त्यांना हवं होतं. उत्तमनं पंचमीला दारात यायला हवं. पुढं जे काही झालं ते सगळं याच्यासाठी.

पहिला सूड त्यांनी पुढच्या वर्षी, नागपंचमीच्या चतुर्थीला उगवला. पंचमीच्या आदल्या दिवशी बायका भावासाठी उपास धरतात. शिवकन्याबाईंनी त्या दिवशी भर दुपारी ताटात भाकरी, ठेचा आणि पिठलं वाढून घेतलं आणि आत न बसता ओट्यावर येऊन बसल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थबकल्या. एकीनं विचारलंच, "अहो, आज भावाचा उपास ना?"

"भाऊ असंल तिनं धरावा," त्या म्हणाल्या.

मला फार बरं वाटलं. मी घरात येऊन आमच्या ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "भावाला कुठं कळणार आहे?" दत्तोपंत म्हणजे आमचे हे. तहसिलात कारकुनी करून त्यांचा स्वभाव असा झालाय की ज्याची नोंद होत नाही ते घडलंच नाही असं त्यांना वाटतं.

पण बोलले ते चुकीचं नव्हतं. उत्तमला कळायला हवं होतं. आणि तशी संधी उत्तमनंच दिली. त्या फाल्गुनात पेपरातून रंगीत पत्रक घरोघर पडलं. भागीरथी पार्कात आता विकत घेण्यासाठी कॉटेज बांधलेत, पाण्यासमोर, स्वतःच्या मालकीचं सुट्टीचं घर, अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर शुभारंभ. शिवकन्याबाई ते पत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. नवऱ्याचा बायपासवरचा प्लॉट नुकताच विकला होता आणि बालाजीनं सांगून ठेवलं होतं की आई, हा पैसा तू तुझ्यावर खर्च कर.

"मी हितं घर घेणार हाय," त्या म्हणाल्या.

"उत्तमकडे? त्याच्या खिशात पैसे घालणार?"

"बाई, गिऱ्हाइकाला कमानीभाईर कसं ठेवंल तो?"

मी पत्रक पुन्हा एकदा वाचलं. मग म्हटलं, "आमची गाडी घेऊन जाऊ."

पण त्या लगेच उत्तमकडे गेल्या नाहीत. आधी दुसरी पार्कं बघायची म्हणाल्या. मला वाटलं, डळमळल्या. तसं नव्हतं. "मला यातलं काही कळत न्हाई," म्हणाल्या. "न कळता गेले तर हसून वाटंला लावल मला. गिऱ्हाइकानं काय इचारल्यावर मालकाला घाम फुटतो, ते आदी शिकते."

अपूर्व नावाचा एक एजंट होता. गुळगुळीत दाढी, पायात पांढरे बूट. जिल्ह्यातल्या सगळ्याच पार्कांची घरं तो विकायचा. शिवकन्याबाईंचं माहेरचं नाव त्याला माहीत असायचं कारण नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. त्यानं पहिल्यांदा सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला नेलं. औंढ्याहून पुढे गेलो तसा रस्ता संपला आणि खड्डे उरले. जागा मात्र सुंदर होती. झाडं होती, वारा होता. अपूर्व म्हणाला, "मावशी, समोर बघा, लेक व्ह्यू." समोर तडकलेली माती होती. पाणी पार लांब, एका रेघेएवढं.

"पाणी कवा येतं हितं?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"पावसाळ्यात एकदम काठापर्यंत."

"अन् लोक सुट्टीला कवा येतेत?"

"उन्हाळ्यात," अपूर्व म्हणाला. दत्तोपंतांनी पत्रकाच्या मागे काहीतरी लिहून घेतलं. त्यांना फार आवडायला लागलं होतं हे काम.

दुसरं पार्क नांदेड रोडवर, बाळापूरच्या अलीकडे. रस्त्याला लागून असल्यानं जायला सोपं. पोहण्याचा तलाव, मुलांना झोके, बंगल्यांना फ्रेंच का कसल्या खिडक्या. पण शेजारच्या शेतात हळद शिजत होती आणि तो वास खिडक्या लावल्या तरी आत यायचा. अपूर्व म्हणाला, हळद काय, महिनाभर. शिवकन्याबाईंनी तिथल्या एका घरमालकाला गाठलं, परभणीचे कुणी निवृत्त साहेब होते. त्या त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या, चहा घेतला आणि विचारलं की घेऊन पस्तावलात का? साहेबांचा बांधच फुटला. मेंटेनन्स दरवर्षी वाढतो. आपण नसताना आपलंच घर परस्पर भाड्यानं देतात, आपली भांडी वापरतात. लाईट गेली की जनरेटर फक्त ऑफिसला. विकायला काढलं तर पार्कवाल्यालाच विकावं लागतं, तो म्हणेल त्या भावानं. शिवकन्याबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांचा चेहरा असा होता की जणू साहेब एकेक हत्यार पाजळून त्यांच्या हातात देतायत.

निघताना त्यांनी त्या पार्काच्या मालकाला एक प्रश्न विचारला. "बाईमाणूस एकटी असंल तर घ्यायला कोण येतं?"

मालक भला माणूस होता. म्हणाला, "गाडी पाठवतो ना, मावशी. वाटल्यास मी स्वतः येईन."

परतताना मी म्हटलं, "वासाचं सोडलं तर हेच बरं आहे. माणूस नीट आहे. रस्ता नीट आहे. तुमच्या गुडघ्यांना हेच सोयीचं."

"व्हय, हेच बरं हाय," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "पण मला घर कुठं घ्यायचंय, बाई? मला मुराळी घ्यायचाय."

दत्तोपंतांनी गाडी कडेला थांबवून मागं वळून बघितलं आणि पुन्हा चालू केली.

आता भवानीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. दुकानात दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. भवानीला परत लावायचं नाही, भवानीशी घासाघीस करायची नाही, नाहीतर धंद्याला खोट बसते, असं दुकानदार मानतात. बरेच जण वरवर मानतात. उत्तम जिवापाड मानायचा. दुकान नवं असताना एकदा त्यानं सकाळी सकाळी एका म्हाताऱ्याला सुट्टे नाहीत म्हणून हाकललं आणि त्याच दिवशी वादळात गोदामाचा पत्रा उडून सगळं बियाणं भिजलं. तेव्हापासून पहिली नोट हातात आली की तो ती डोळ्यांना लावायचा, काट्याला लावायचा आणि गिऱ्हाईक म्हणेल ते करायचा. हे शिवकन्याबाईंना माहीत होतं. ते भिजलेलं बियाणं वाळवायला त्याच तर जाऊन राहिल्या होत्या.

अक्षय तृतीयेला आम्ही उजाडताच निघालो. कळमनुरीत चहा घेतला आणि ऊन तापायच्या आत चिंचखेड्याला पोचलो. कमानीला झेंडूच्या माळा होत्या. संतराम खुर्चीतून उठला. त्यानं शिवकन्याबाईंना ओळखलं की नाही कळलं नाही, पण विचारलं तेच.

"बुकिंग हाय का, आजी?"

"ते करायलाच आले, संतराम."

त्यानं फाटक पूर्ण उघडलं.

आत मांडव होता, बँड होता, भगवे फेटे बांधलेले पाहुणे होते. नांदेडचे कुणी मोठे डॉक्टर पहिलं बुकिंग करणार असं ठरलं होतं. ते अजून वाटेत होते. टेबलावर चांदीचं ताट, नारळ, हळदकुंकू. उत्तम आत कपडे करत होता. शिवकन्याबाई सरळ टेबलाशी गेल्या, कमरेचा रुमाल सोडला आणि ताटात टोकनची रक्कम ठेवली. अपूर्व आनंदानं नुसता उडाला. ओळखीचं गिऱ्हाईक, तेही मुहूर्तावर. त्यानं माईक उचलला आणि जाहीर केलं की भागीरथी हॉलिडे पार्कच्या पहिल्या मानकरी, हिंगोलीच्या शिवकन्याताई. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. टाळ्या झाल्या.

उत्तम फेटा सावरत बाहेर आला तेव्हा ताटात पैसे होते, लोक टाळ्या वाजवत होते आणि समोर अक्का उभी होती. मी त्याचा चेहरा बघायलाच एवढी लांब आले होते. तो ताटाकडे बघत होता. हात पुढे करावा की मागे घ्यावा, हे त्याला कळेना. मागे त्याची बायको नर्मदाबाई भरजरी पातळात उभी होती. ती हळूच म्हणाली, "भवानी हाय. मागं लावू नगा."

"मालक," शिवकन्याबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी भावाला मालक म्हटलं. "चार गोष्टी इचारायच्या हायेत."

आणि त्यांनी विचारल्या. सावकाश, मोठ्यानं, अपूर्वच्या हातातला माईक जवळ असताना. चैतात पाणी किती मागं जातं? लाईट गेल्यावर जनरेटर कुणाला? मी नसताना माझ्या घरात कुणाला उतरवणार का? मेंटेनन्स कोण ठरवणार? मला विकायचं झालं तर भाव तुमी ठरवणार का मी? पाहुण्यांपैकी ज्यांना घर घ्यायचं होतं ते एकेक करून पुढं सरकले. एक म्हणाला, हां, हे आम्हालाही सांगा. उत्तमला घाम फुटला. खरंच फुटला, फेट्याखालून कानावर आला. भवानी म्हणेल त्याला हो म्हणायचं, म्हणून तो एकेक गोष्ट त्यांच्या मनासारखी कबूल करत गेला आणि जे शिवकन्याबाईंना मिळालं ते मागच्या सगळ्यांनी मागून घेतलं. उत्तमला तो मुहूर्त केवढ्याला पडला असेल, याचा विचार करून मी कितीतरी दिवस आनंदात काढलेत.

घर कोणतं ते त्यांनी बोटानं दाखवलं. पाण्याच्या अगदी तोंडावरचं, पहिलं. तिथं पूर्वी त्यांच्या आईची चूल होती.

"आता शेवटची अट," त्या म्हणाल्या. "पंचमीला मला घ्यायला मालकानं सवता यायचं. हिंगोलीला, माझ्या दारात. डायवर न्हाई चालणार."

लोकांना ते गोड वाटलं. म्हाताऱ्या बाईची हौस. सगळे हसले, कुणी टाळ्या वाजवल्या. चिंचखेड्याची चार जुनी माणसं मात्र मांडवाच्या कडेला बसली होती, ती हसली नाहीत. त्यांना कळलं होतं.

उत्तम खाली बघून काहीतरी पुटपुटला.

"माईकमधी सांग, उत्तम."

त्यानं माईक घेतला. "येईन," म्हणाला.

नर्मदाबाईनं पुढं होऊन, भवानी म्हणून, शिवकन्याबाईंना कुंकू लावलं, नारळ दिला. "वन्सं, रहा आज," म्हणाली. शिवकन्याबाईंनी किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि आम्ही निघालो. घराचं दार त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

पुढे उरलेले पैसे देऊन खरेदीखत झालं, पण ते घर तेव्हापासून बंद आहे. बाकीची कॉटेज हळूहळू गेली. शनिवार-रविवारी सगळीकडे दिवे, पोरं, गाणी, आणि पाण्यावरचं पहिलं, सगळ्यात चांगलं घर अंधारात. उत्तमनं दोनदा फोन केला की अक्का, भाड्यानं देऊ का, तुलाच पैसे येतील. त्या म्हणाल्या, "फुल्ल हाय म्हणून सांग." येणारे पाहुणे संतरामला विचारायचे, हे कुणाचं? त्याला सांगावं लागायचं, मालकाच्या बहिणीचं हाय. मग पुढचा प्रश्न यायचा, त्या येत नाहीत का? तेव्हा संतराम फाटकाकडे चालू लागायचा. हे सगळं अपूर्वनं मला सांगितलं आणि मी शिवकन्याबाईंना तिखटमीठ लावून सांगितलं.

पंचमी जवळ आली. चतुर्थीला उत्तमचा फोन आला. मी तिथेच होते. म्हणाला, उद्या संतरामला गाडी घेऊन पाठवतो, मला तालुक्याला काम आहे.

"भवानीला काय बोलला होतास?" शिवकन्याबाईंनी विचारलं आणि फोन ठेवून दिला.

त्या दुपारी त्यांनी पुन्हा ताटात भाकरी-पिठलं वाढून घेतलं आणि ओट्यावर येऊन बसल्या. माझं समाधान झालं. मला भीती होती की माईकवरच्या त्या एका शब्दानं त्या विरघळतील.

पंचमीला सकाळपासून मी गल्लीतल्या बायकांना काही ना काही निमित्त काढून ओट्यावर बसवून ठेवलं होतं. झोका तर आमच्याच लिंबाला बांधला होता. पांढरी मोठी गाडी गल्लीत शिरली. चालवत उत्तम होता. उतरला तेव्हा हातात पिशवी होती, पिशवीत लुगडं असावं. डोक्यावर टोपी. मुराळी जसा दिसायला पाहिजे अगदी तसा दिसत होता. त्यानं सगळ्या बायकांकडे एकदा बघितलं आणि मान खाली घालून दारापाशी जाऊन उभा राहिला.

"अक्का, न्यायला आलो."

तो उभा. झोक्यावरच्या पोरी उतरल्या. समोरच्या गच्चीवरून कुणी तरी वाकून बघायला लागलं. बऱ्याच वेळानं शिवकन्याबाई दारात आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, हातात हिरवा चुडा, नवरा गेल्यापासून पहिल्यांदा. लोक काय म्हणतील याची आज त्यांना पर्वा नव्हती. त्यांच्या मागे, दाराआड, भरलेली पिशवी ठेवलेली मला माझ्या ओट्यावरून दिसत होती.

त्यांनी भावाकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मग स्वच्छ आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज फुल्ल हाय, भाऊ. घरी बी पाव्हणे हायेत. पुढच्या महिन्यात ये."

आणि दार लावून घेतलं.

मी खोटं कशाला बोलू, मला असं वाटलं की माझंच कुणी तरी देणं चुकतं केलं. उत्तम दाराकडे बघत राहिला. मग वळला, गाडीत जाऊन बसला. पण गाडी चालू केली नाही. पिशवी मांडीवर घेऊन तसाच बसला. ऊन चढायला लागलं. बायका एकेक करून घरात गेल्या, कारण रडणाऱ्या माणसाकडे किती वेळ बघायचं?

मी मागच्या दारानं शिवकन्याबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. त्यांना शाबासकी द्यायला गेले होते. त्या चुलीपाशी पाटावर बसल्या होत्या. मोदकपात्रात दिंडं उकडत होती. आणि फडताळात, झाकणाखाली, कालचं ताट होतं. भाकरी वाळून वाकडी झालेली. पिठल्यावर साय धरलेली. एक घाससुद्धा मोडलेला नव्हता.

मी ताटाकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. गेल्या वर्षी त्यांनी ओट्यावर बसून घास तोंडात घातलेला मी पाहिला होता का, हे मी आठवायला लागले. ताट पाहिलं होतं. घास आठवेना.

"बाई," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "गेला का तो?"

"नाही. बसलाय गाडीत."

त्यांनी दुसरं ताट घेतलं. दिंडं वाढली, वर तूप ओतलं. दूध एका वाटीत. ताट माझ्या हातात दिलं.

"त्याला सांगा, गाडीतच बसून खा म्हणावं. घरात जागा न्हाई."

मी असते तर ताट दिलं नसतं. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आणि ताट घेऊन गेले. उत्तमला त्यांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. त्यानं गाडीचं दार उघडलं, पाय बाहेर सोडले, ताट मांडीवर घेतलं आणि भर गल्लीत बसून खाल्लं. शेवटचं दिंड खाताना त्याला ठसका लागला. मी पाणी नाही दिलं. तेवढं तरी मला करू द्या.

त्यानं खाल्लं हे खिडकीतून दिसल्यावर शिवकन्याबाईंनी स्वतःचं ताट वाढून घेतलं.

मग तो उठला, आमच्या ओट्याशेजारच्या नळावर ताट धुतलं आणि पुन्हा त्या दारापाशी गेला. दार अर्धं उघडलं. आतून हात आला, ताट घेतलं. त्यानं पिशवी पुढे केली, तीही घेतली.

"अक्का," तो म्हणाला, "पुढच्या पंचमीला येऊ का?"

"काहून इचारतो? माईकमधी बोललास ना. यावंच लागल."

"अन् तू चालशील?"

"ते तवाच्या तवा बघू," शिवकन्याबाई म्हणाल्या. "फुल्ल हाय का न्हाई, ते."